कुशीवर की पाठीवर?
पूर्वी पिंजारी तार वाजवत दारावरून जायचा, गादीतला गोळे झालेला कापूस पिंजून द्यायचा आणि पुढे आठवडाभर घर शिंकायचं. आता गाद्यांच्या दुकानातला पोरगा विचारतो, ‘काका, कुशीवर झोपता की पाठीवर?’ (घोरतो, एवढंच हिला पक्कं ठाऊक.) मग हायब्रिड गादीचं शास्त्र: खाली स्प्रिंगा, प्रत्येकीला स्वतंत्र कापडी पिशवी, वर रबराच्या चिकाचा मऊ फोम. नवरा वळला तरी बायको हलत नाही, म्हणे. आमच्याकडे हे स्प्रिंगांशिवायच साधलंय. ‘चपला काढून पाच मिनिटं पडून बघा,’ म्हणाला. पडलो. डोळाच लागला. जाग आणली ती किमतीनं. घरी येऊन जुनी गादी उन्हात टाकली.