कलम आठवाले

इंग्लंडच्या कुठल्याही गावात एक चर्च, एक पब आणि एक कलम आठवाले असतात. त्यातले पहिले दोन हल्ली भराभर बंद पडताहेत. कलम आठवाले मात्र सुरूच असतात.

मूळ नाव काही का असेना, आमच्या घरात त्यांचं हेच नाव पडलंय. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. निवृत्त होण्याआधी रेल्वेत, पोस्टात किंवा शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेलं, म्हणजे वेळापत्रक आणि नकाशा या दोन गोष्टींवर गाढ श्रद्धा. पँटच्या गुडघ्यांवर कायमचा चिखल. कोटाच्या एका खिशात सुतळी, चाकू आणि घेवड्याच्या बियांचं अर्धवट फाडलेलं पाकीट. दुसऱ्या खिशात १९२५ च्या अलॉटमेंट्स अ‍ॅक्टचं आठवं कलम, चक्क लॅमिनेट केलेलं. ‘कायदा भिजता कामा नये,’ असं ते म्हणतात, आणि इथला पाऊस पाहता ते खरंच आहे.

अलॉटमेंट म्हणजे भाडेपट्ट्याने घेतलेली भाजीची वाडी. जमीन बहुतेक वेळा कौन्सिलची. वर्षाचं भाडं भरायचं, आपला तुकडा कसायचा आणि पिकेल ते घरी न्यायचं. पूर्ण प्लॉट जुन्या मापाने दहा रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर, आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. पण अडीच गुंठ्यांसाठी इथे वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. म्हणून एखाद्याला प्लॉट लागला की लोक मुलगा झाल्यासारखं अभिनंदन करतात.

आता गावाच्या मधोमध एवढी मोकळी जमीन, तिच्यावर कोबी आणि कांद्याची पात. कौन्सिलच्या तिजोरीत खडखडाट. भूखंडाचं श्रीखंड कसं होतं, हे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या अलॉटमेंटच्या जागेवर घरांच्या योजनेचं चित्र लागलं तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्या चित्रात खरी सफरचंदाची झाडं काढून जलरंगातली झाडं लावलेली होती, आणि त्यांच्याखाली फुगे घेतलेली मुलं पळत होती. कलम आठवाले चष्मा कपाळावर ढकलून चित्राच्या अगदी जवळ गेले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘हे बर्च आहेत. या मातीत बर्च नीट वाढत नाहीत.’ लढा सुरू झाला तो असा.

आठवं कलम सांगतं ते थोडक्यात एवढंच: जी जमीन कौन्सिलने अलॉटमेंटसाठी म्हणून घेतली, ती मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकायची नाही की दुसऱ्या कामाला लावायची नाही. आणि प्लॉट गेलेल्यांची दुसरीकडे पुरेशी सोय होईल, किंवा तशी गरजच नाही, किंवा ती करणं व्यवहार्य नाही, अशी खात्री पटल्याशिवाय मंत्र्यांनी संमती द्यायची नाही. यातल्या ‘किंवा’ या शब्दावर कलम आठवाल्यांचा मनस्वी राग आहे. कायदा फार सुंदर लिहिलाय, फक्त ते दोन ‘किंवा’ कुणीतरी घाईत घातले, असं त्यांचं मत.

कायद्याच्या बाबतीत त्यांची स्मरणशक्ती भीती वाटावी अशी. १९५० च्या कायद्याने प्लॉटवर कोंबड्या आणि ससे पाळता येतात, पण कोंबडा नाही, हे ते कुणी विचारलेलं नसताना सांगतात. दुसऱ्या महायुद्धात टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात भाजी पिकवली होती, हे तर दर सभेत. देशात तेव्हा चौदा लाखांच्या आसपास प्लॉट होते, आज तीन लाखांच्या घरात आहेत, हा आकडा सांगताना त्यांचा आवाज बसतो. मग पराभवांची यादी. लंडनच्या ली खोऱ्यातले मॅनर गार्डनचे प्लॉट २०१२ च्या ऑलिंपिकसाठी २००७ मध्ये रिकामे केले. वॉटफर्डच्या फार्म टेरेसची जागा १८९६ पासूनची. तिथल्या लोकांनी मंत्र्यांची मंजुरी कोर्टात दोनदा हाणून पाडली, तिसऱ्यांदा मात्र ती टिकली. ‘दोनदा!’ असं म्हणून ते दोन बोटं वर करतात. तिसऱ्या खेपेबद्दल बोलताना हात खिशात असतात.

प्लॉटधारकांच्या समितीची बैठक स्काउटांच्या लाकडी खोलीत भरते. कोर्टाच्या खर्चाचा विषय दहा मिनिटांत आटोपतो. चहाच्या बिस्किटांचा खर्च कुठल्या खात्यात घालायचा यावर पाऊण तास जातो. गुजराती बा, जमैकाचे आजोबा, पोलिश जोडपं, आम्ही, सगळे कोट न काढता बसतो, कारण हीटर चालवायचा तर ठराव लागतो. बांनी मेथीचे थेपले आणले की मात्र ठराव न होताच ते संपतात, आणि इतिवृत्तात ‘अल्पोपाहार’ एवढंच येतं.

पण खरी गंमत कलम आठवाल्यांच्या प्लॉटवर झाली.

ते प्लॉटधारकांच्या असोसिएशनचे सेक्रेटरीसुद्धा आहेत. दर मे महिन्यात ते वही घेऊन सगळे प्लॉट तपासतात आणि ज्याने कसलेला नाही त्याला नोटीस धाडतात. पूर्वी त्यांचा स्वतःचा प्लॉट सगळ्यांत देखणा. लीकच्या ओळी दोरी लावून काढलेल्या, रूबार्बवर उलटी बादली, शेडच्या खिळ्यांवर फावडी उंचीप्रमाणे. लढा सुरू झाला आणि त्यांचा मुक्काम प्लॉटवरून ग्रंथालयातल्या फोटोकॉपी मशीनपाशी हलला. वर्षभरात बाइंडवीडची वेल शेडच्या छपराच्या टोकापर्यंत पोहोचली. रूबार्ब बादलीसकट दिसेनासा झाला. अशातच कौन्सिलचा अहवाल आला: ‘जागेचा पुरेसा वापर होत नाही.’ पुराव्यादाखल छायाचित्र. पांढऱ्या फुलांखाली गाडलेली ती शेड सगळ्यांनी ओळखली, आणि कुणीच काही बोललं नाही.

दुसरा कुणी असता तर तोंड लपवलं असतं. यांनी नियमाप्रमाणे स्वतःला नोटीस काढली. टपालाने, तिकीट लावून. प्लॉटधारक या नात्याने खुलासा दिला की, सार्वजनिक कामामुळे मशागतीस वेळ झाला नाही. सेक्रेटरी या नात्याने तो खुलासा असमाधानकारक ठरवला, कारण हीच सबब त्यांनी इतरांची कधी मान्य केली नव्हती. शेवटी अठ्ठावीस दिवसांची मुदत दिली. हा सगळा पत्रव्यवहार बैठकीत गंभीरपणे वाचून दाखवला. जमैकाचे आजोबा हसू दाबता दाबता खोकत बाहेर गेले.

पुढच्या शनिवारी आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचा प्लॉट साफ केला. बाइंडवीडची मुळं उकडलेल्या शेवयांसारखी पांढरी आणि ठिसूळ असतात. तुकडा राहिला की त्यातून नवी वेल, म्हणून गुडघ्यांवर बसून एकेक वेचावं लागतं. कलम आठवाले काठावर उभे राहून मार्गदर्शन करत होते. बांनी बटाटे लावले तेव्हा म्हणाले, ‘ओळ उत्तर-दक्षिण हवी होती.’ बांनी गुजरातीत जे उत्तर दिलं ते त्यांना कळलं नाही. मला कळलं. इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच दिवशी गंजक्या पत्र्याखाली स्लो-वर्म सापडला. हा दिसायला साप, पण असतो बिनपायाचा सरडा, आणि १९८१ च्या वन्यजीव कायद्याने त्याला मारायला बंदी आहे. कलम आठवाल्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो नातवंडाच्या जन्माच्या वेळीही पसरला नसेल. पत्रा हळूच पुन्हा झाकला. तेव्हापासून त्या कोपऱ्यात कुजबुजून बोलायचं, अशी सूचना फाटकावर लागली आहे. तीही लॅमिनेट केलेली.

माणूस आडमुठा आहे, पण आतून सरळ. आयुष्यभर हुजूर पक्षाला मत दिलेलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने आठ अलॉटमेंट विकायला परवानगी दिल्याची बातमी आली आणि तिच्याविरुद्ध जेरेमी कॉर्बिन उभे राहिले. कॉर्बिन म्हणजे डाव्यांतले डावे, स्वतः जुने प्लॉटधारक. आपलं त्यांच्याशी शब्दन् शब्द पटतंय, या विचाराने कलम आठवाल्यांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी म्हणाले, ‘भाजीच्या बाबतीतच फक्त.’

जाहीर सुनावणीत एक तरुण मुलगी उठली. नोकरी आहे, तरी आईवडिलांकडेच राहते, घरभाडं परवडत नाही. ‘तुमच्या कांद्यापेक्षा माझं घर महत्त्वाचं नाही का?’ सभागृह गप्प झालं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि माझ्याकडे आजही त्याला चोख उत्तर नाही. घरं बांधायला दुसरी जागा आहे, हे खरं असलं तरी ती जागा तिच्या वाट्याला येईलच असं कोण सांगणार? कलम आठवाले त्या दिवशी कागद न वाचताच खाली बसले. सभा संपल्यावर तिला गाठून म्हणाले, ‘तुमचं बरोबर आहे.’ आणि प्रतीक्षायादीत तिचं नाव घातलं. जगातल्या कुठल्याही दुःखावर त्यांच्याकडे हाच उपाय आहे. ऑगस्टमध्ये तिच्या दारात कूर्जेटची (म्हणजे झुकिनीची) पिशवी पोहोचली, तशी ती गावात सगळ्यांच्याच पोहोचते, कारण त्या महिन्यात कूर्जेट कुणी विकत घेत नाही आणि कुणाला नकोही म्हणता येत नाही.

आमची फाइल सध्या मंत्र्यांकडे आहे. असल्या माणसाबरोबर राहणं अवघड, हे त्यांच्या बायकोने चहा देताना मला दोनदा सांगितलंय. पण तो नसता तर एव्हाना तिथे बर्च लागले असते.

तुम्ही इंग्लंडमध्ये राहत असाल आणि गावात अलॉटमेंट नसेल, तर १९०८ च्या कायद्याचं तेविसावं कलम बघा. मतदारयादीतल्या किंवा कौन्सिल टॅक्स भरणाऱ्या सहा जणांनी सह्या करून मागणी केली की कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. लंडनच्या आतल्या बरोंना हे लागू नाही. हे वाक्य गाळलं असतं तर कलम आठवाल्यांनी माझ्याकडे पत्राने खुलासा मागवला असता.