काशीचे अंगठेबहाद्दर

ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा या भागातल्या मराठी गल्ल्यांत हे काका हमखास भेटतात. वय साठीच्या पुढे, शिक्षण संस्कृतात, नोकरी बँकेत, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बनारसी. सदऱ्याच्या खिशात पानाची पुडी आणि मोबाईल. या मोबाईलवर काका ब्लॉग लिहितात. लिहितात म्हणजे गेल्या गणपतीपासून लिहीत आहेत.

विषय ठरलेला असतो: काशीतली मराठ्यांची कामगिरी. अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली विश्वेश्वराचं देऊळ उभं केलं, असं पहिलं वाक्य सुरू होतं आणि 'विश्वेश्वर' या शब्दाशी अडतं. मधल्या 'श्वे'चा 'श्वै' झालेला असतो. तिथे बोट टेकवावं तर कर्सर शब्दाच्या अलीकडे तरी बसतो नाहीतर पलीकडे. नेमक्या मात्रेवर म्हणून जाणार नाही. मग शेपटाकडून खोडत यायचं. र गेला, व गेला, मग नुसता हलन्त गेला, श गेला, आणि पाचव्या दाबाला ती चुकार मात्रा. दुसरा कुणी वैतागला असता. काका खूश होऊन शेजाऱ्याला दाखवतात, "बघ, कसा विग्रह करतोय! याला पाणिनी येतो."

पुन्हा 'विश्वे' एवढं टंकलं की कीबोर्ड मदतीला धावतो आणि वर 'विश्वास' हा शब्द ठेवतो. अंगठा जाड, नजर गंगेवरच्या नावेकडे. अहिल्याबाईंनी विश्वासाचं देऊळ उभं केलं, असं वाक्य तयार होतं. काका ते दोनदा वाचतात आणि म्हणतात, "खोटं नाहीये."

टंकायचा कंटाळा आला की ते बोलून लिहू लागतात. फोनला मराठी ऐकता येतं, हे खरं. पण तोंडात पान असताना मान वर करून बोललेलं मराठी ऐकायची सवय फक्त बनारसच्या माणसांना आहे. 'पेशव्यांनी' या शब्दाची काय गत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात गल्लीतून मणिकर्णिकेकडे अंत्ययात्रा निघालेली असते. बिंदुमाधवाच्या देवळावरचा परिच्छेद बारकाईने वाचलात तर मधोमध 'राम नाम सत्य है' सापडेल. कुणी ते काढायला सुचवलं तर काका विचारतात, "यात असत्य काय आहे?"

ब्लॉगचं नवं संपादन त्यांच्या पथ्यावर पडलं आहे. वर्डप्रेसने २०१८च्या डिसेंबरात परिच्छेदांचे ठोकळे केले, तेव्हापासून एंटर दाबला की नवा ठोकळा. बोट दाबून धरलं की ठोकळा उचलता येतो, हवा तिथे ठेवता येतो. चारपाच इंचांच्या पडद्यावर, कीबोर्डने निम्मी जागा अडवलेली असताना, तो कुठे ठेवला जातोय हे मात्र ठेवल्यावरच कळतं. शिंद्यांचा परिच्छेद भोसल्यांच्या डोक्यावर जातो, होळकर तळाला. काका सगळ्यांना आपापल्या घाटावर नेऊन सोडतात. यात दुपार जाते. बनारसात दुपार जाण्याला कुणी नुकसान म्हणत नाही.

शिंदे घाटाजवळच्या रत्नेश्वराच्या देवळाचा फोटो घालायचा असतो. हे देऊळ स्वतःच कललेलं आहे. त्यासाठीच लोक तिथे उभे राहतात. फोनने आपल्या अकलेने ते सरळ करून दिलं आणि गंगा तिरपी झाली. काकांनी तोच फोटो ठेवला. "इतक्या वर्षांत कुणाला जमलं नव्हतं," म्हणाले.

त्यांचे आदर्श मोठे आहेत. पहिले बाबूराव विष्णू पराडकर. मराठी घरातला हा काशीकर १९२० साली निघालेल्या 'आज'चा संपादक झाला आणि हिंदी पत्रकारितेला वळण लावून गेला. ब्लॉगर म्हटलेलं काकांना आवडत नाही, संपादक म्हणा. दुसरे एकनाथ महाराज. एकनाथी भागवत काशीतच पुरं झालं, शके १४९५ म्हणजे १५७३ साली. अठरा हजारांवर ओव्या. इथल्या पंडितांनी ती पोथी गंगेत टाकली आणि गंगेने ती वर उचलून धरली, अशी आख्यायिका आहे. ती सांगताना काकांचा आवाज हळवा होतो. त्यांचा स्वतःचा मजकूर नेटवर्क गेलं की जातो आणि गंगा हात वर करत नाही.

नातवाने बंगळूरहून लॅपटॉप पाठवला आहे. "आजोबा, यावर लिहा, तासाभरात होईल." काकूंनी त्यावर विणलेला रुमाल घालून तो कपाटात ठेवला. काका कारणं देतात: घाटावर नेला तर माकडं ओढतील, मांडीला चटका बसतो, चष्मा बदलावा लागतो. मला यातलं एकही पटत नाही. तासाभरात होईल, हीच खरी अडचण. लॅपटॉपवर माणूस खोलीत एकटा बसतो, लिहितो आणि उठतो. मोबाईलवर लिहिणारा पायरीवर बसलेला असतो. नावाडी येताजाता विचारतो, "का गुरू, छप गयल?" चहावाला पडदा उन्हात दिसत नाही म्हणून छत्री धरतो. कुणाच्या तरी पोराला हलन्त कुठे असतो ते शिकवायचं असतं. लेख संपला की हे सगळं बंद.

म्हणूनच त्यांचा एकमेव प्रसिद्ध झालेला लेख चुकून प्रसिद्ध झाला. 'जतन करा' आणि 'प्रकाशित करा' ही बटणं शेजारी होती आणि अंगठा एकच. लेखाला शीर्षक नाही, शेवट नाही, होळकर दोनदा आलेत. नागपूरपासून इंदूरपर्यंतच्या नातेवाइकांनी 'छान', 'फार सुंदर', 'अभिमान वाटतो' असं कळवलं. काका आठवडाभर अस्वस्थ होते. काकू मात्र म्हणाल्या, "अहो, झालं ना एकदाचं? आता दूध आणा." काकांनी दूध आणलं, आणि संध्याकाळी लेख पुन्हा मसुद्यात नेऊन ठेवला.

काशीला गेलात आणि पंचगंगेच्या पायऱ्यांवर असे कुणी दिसले, तर 'नवीन काय लिहिलंत?' असं विचारू नका. 'कुठे अडलंय?' म्हणून विचारा, आणि परतीची गाडी रात्रीची ठेवा.