भागाकारकाका

दिल्लीतल्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात एक भागाकारकाका असतातच. हॉटेलात शिरल्यावर बाकीची मंडळी एसीचा झोत चुकवून जागा शोधतात. काका डोकी मोजतात. मेनूकार्ड उघडायच्या आत त्यांचा प्रश्न वेटरपर्यंत पोचलेला असतो, "भैया, एक प्लेट में कितने पीस?"

मोमोंच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे, हराभरा कबाबाच्या बाबतीतही. पण काकांनी तो एकदा दाल मखनीबद्दल विचारला. "सर, दाल है," असं वेटर चाचरत म्हणाला, तेव्हा काकांनी वाटी केवढी असते ते हातानं दाखवायला सांगितलं.

हे शहर त्यांना मानवलं यात नवल नाही. इथं कढी-चावलपासून कोरम्यापर्यंत सगळं हाफ आणि फुलमध्ये मिळतं, आणि हाफचा भाव फुलच्या निम्म्याहून थोडा चढाच असतो. तुम्हीआम्ही म्हणून फुल मागवून मोकळे होतो. काका आधी शेजारच्या टेबलावरचा माल पाहून घेतात. "दोन हाफ म्हणजे एक फुल नव्हे, सव्वा फुल," हा त्यांचा सिद्धांत. तो खोटा ठरवायची हिंमत अजून कुणी केलेली नाही, कारण काका दीनदयाळ उपाध्याय मार्गावरच्या कॅगच्या कचेरीतून निवृत्त झालेले आहेत. १७३७ साली बाजीराव तालकटोऱ्यापर्यंत येऊन माघारी गेले. काकांचे वडील मात्र नोकरीसाठी आले ते इथलेच झाले, आणि काकांनी उभी हयात इतरांची बिलं तपासण्यात घालवली. हाडात मुरलेली सवय ढोकळ्यापाशी थांबत नाही.

पुढे एनसीआरमध्ये 'स्मॉल प्लेट्स' आल्या. सायबरहब, हौज खास, खान मार्केट, जिथं जावं तिथं भली मोठी पांढरी बशी आणि तिच्या मधोमध चार चिमुकले घास. पोरांना ही मौज वाटली. काकांना हे भागाकाराचं गणित वाटलं. चार घास, पाच माणसं. शेवटी पनीरचे तुकडे काट्यानं कापले गेले आणि प्रत्येकाच्या वाट्याला चार पंचमांश आला. बिलावर सेवाशुल्क दिसलं तेव्हा तर काकांना उधाणच आलं. ते आपोआप लावू नये असा ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा जुलै २०२२ चा आदेश, तो उचलून धरणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा २८ मार्च २०२५ चा निकाल, दोन्ही त्यांच्या मोबाइलात नातीच्या फोटोशेजारी जपून ठेवलेले असतात. सेवाशुल्क वगळलं गेलं. काकांनी टिप ठेवली, आणि ती बरीच ठेवली. ही विसंगती कुणी दाखवून दिलेली त्यांना आवडत नाही.

अशा माणसाला त्याच्या मुलानं मायोर्का बेटावर नेलं. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' २०११ मध्ये आला तेव्हा मुलगा कॉलेजात होता. तेव्हापासून त्याला स्पेनचं वेड. काका, काकू, मुलगा, सून, लेक, जावई आणि अकरा वर्षांची नात, अशी सात माणसं. म्हणजे मूळ संख्या. विमानात बसतानाच काका म्हणाले, "सात हा आकडा प्रवासाला वाईट."

बेटावर उतरल्यावर पहिली ओळख पर्यटक-कराची झाली. मायोर्का ज्यांत मोडतं त्या बालेआरिक बेटांवर २०१६ पासून हा कर आहे. मे ते ऑक्टोबर या हंगामात हॉटेलच्या दर्जाप्रमाणं माणशी रात्रीला १ ते ४ युरो, वर १० टक्के व्हॅट. सोळाच्या आतल्यांना माफी, आणि नवव्या रात्रीपासून निम्मा दर. शेवटची तरतूद वाचून काकांनी मुक्काम वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. वाढीव खोलीभाडं मुलानं दाखवलं, तेव्हा ते चुळबुळत म्हणाले, "मी फक्त कराबद्दल बोलत होतो."

पाल्माचं कॅथीड्रल पाहून झालं. १९१२ पासून धावणाऱ्या सोयेरच्या लाकडी रेल्वेतूनही फिरून झालं. पण काकांची खरी सहल सुरू झाली ती बंदराजवळच्या टापासच्या दुकानात. स्पेनमध्येही 'रासिओन' आणि 'मेदिया रासिओन', म्हणजे चक्क फुल आणि हाफ असतं, हे कळताच काकांचा चेहरा असा उजळला की वेटरला वाटलं, हे पूर्वी येऊन गेलेत. काकांनी दहा बोटं नाचवून प्रश्न विचारला. भाषेची अडचण आली नाही. क्रोकेता सहा.

सहा क्रोकेता, सात माणसं. मग क्रोकेतात डुकराचं हॅम असतं असं कळलं आणि काकू बाद झाल्या. छेद सहावर आला, भाग निःशेष गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काकूंच्या शाकाहाराचं काकांनी असं कौतुक कधी केलं नव्हतं. पुढची प्लेट लसणातल्या कोळंबीची. तीत पुन्हा काकू नाहीत, शिवाय जावयाला कोळंबीची ॲलर्जी. छेद पाच, नग नऊ. त्यानंतर आल्या पाद्रोन मिरच्या, तेलात तळून वर जाड मीठ टाकलेल्या. त्यातल्या बहुतेक मुळमुळीत असतात आणि एखादीच झणका देते. ती कोणती, हे खाईपर्यंत कळत नाही. काका इथं भागाकार विसरले. "ही तर नमुना तपासणी!" म्हणत त्यांनी पाच मिरच्या एकट्यानं संपवल्या. पाचवीला डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी 'आक्षेप सापडला' अशा समाधानानं मान हलवली.

काकूंची त्या दिवशी संकष्टी होती. तिकडे नऊ-साडेनऊशिवाय रात्रीच्या जेवणाला रंग चढत नाही, त्यामुळे चंद्रोदय आणि स्वयंपाकघर यांची वेळ सुरेख जुळली. वांगी, बटाटा आणि ढोबळी मिरची टोमॅटोच्या रसात घातलेलं मायोर्काचं तुम्बेत त्यांना घरचंच वाटलं. ते मोजता येत नव्हतं, म्हणून काकांनी त्यात लक्ष घातलं नाही.

ग्रानादामध्ये पेल्याबरोबर टापा फुकट मिळतो, असं काका वाचून आले होते. मायोर्का म्हणजे ग्रानादा नव्हे, हे मुलानं सांगून पाहिलं. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह आणि लसणाचं आयोली आलं, तेव्हा काकांनी विजयानं सगळ्यांकडे पाहिलं. बिलात त्याचे माणशी पैसे लागले होते. सगळे स्फोटाची वाट पाहत राहिले. काकांनी बिल दोनदा वाचलं आणि म्हणाले, "माणशी लावलंय. ही पद्धत चांगली आहे."

सामायिक बशीतला शेवटचा तुकडा उचलायला स्पॅनिश माणूसही लाजतो; तो तसाच पडून राहतो आणि मग परत जातो. काकांना हे सोसवलं नाही. बटाट्याच्या शेवटच्या फोडीचे त्यांनी सुरीनं सात भाग केले. नातीनं ते मोजले आणि म्हणाली, "आबा, सहाच आहेत."

सहाच होते. आधीच्या प्लेटींचा हिशेब तिनंच मग तिथल्या तिथं करून दाखवला, आणि त्या पाच मिरच्या सोडल्या तर आबा जवळजवळ उपाशीच निघाले. एवढा मुरलेला ऑडिटर, पण दरवेळी स्वतःला धरायचं राहून जातं.

यामागची हकिकत काकू सांगतात. काका तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवतात. काकांच्या लहानपणी रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या आणि पाहुणे बारा महिने. कुणी धोलपूर हाउसला यूपीएससीच्या मुलाखतीला आलेलं, कुणी एम्सच्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेसाठी. उन्हाळ्यात कुणीतरी रेल्वेतून हापूसची पेटी आणायचं. आई फोडी करायची, पाहुण्यांना आधी, मग मुलांना. कोय कापता येत नाही, म्हणून ती आईकडे राहायची. थोरल्या मुलानं पुढे फोडी मोजायचं काम अंगावर घेतलं, आणि कोयही.

आता मुलगा आणि सून बंगळूरला गेले आहेत, लेक-जावई नोएडात असले तरी येणं सणावारीच. वैशालीतल्या फ्लॅटमध्ये दोघंच. दोघांत मोमोंची आठची प्लेट सरळ भागली जाते, सहाचीही जाते, आणि काकांना करायला काही उरत नाही. तरीही आयएनएच्या दिल्ली हाटात ते स्टॉलवाल्याला पीस विचारतातच. पोरांकडे हल्ली बिल वाटून देणारं ॲप आहे: जो तो आपापली डिश खातो आणि टेबलावरून उठायच्या आत यूपीआयनं हिशेब चुकता होतो. त्या ॲपला रुपये वाटता येतात, कोळंबी नाही.

तेव्हा टापास खायला निघालात, तर काकांना जरूर न्या आणि ऑर्डर त्यांनाच देऊ द्या. फक्त त्यांच्या बशीवर कुणीतरी लक्ष ठेवा. आणि सातजण असाल, तर एक दिवस आधी फोन करून कळवा. सात नगांची प्लेट कुठं मिळते, याची चौकशी त्यांनी करून ठेवलेली असेल.