गुडघ्यानं उघडणारा कचरा

सिंकखालच्या कचऱ्याच्या ड्रॉवरला हात लागू नये म्हणून ऑस्ट्रियाच्या ब्लूम कंपनीनं ‘सर्व्हो-ड्राइव्ह ऊनो’ आणलं: गुडघ्यानं हलकं ढोसा, मोटार ड्रॉवर बाहेर सरकवते. हात कणकेनं बरबटलेले असताना ही सोय मोठीच, हे कबूल. पण त्यासाठी ड्रॉवरची मूठ पुरती धरावी लागतेच कुठे? करंगळी अडकवली की भागतं. अडचण एवढीच की ‘मॉड्युलर’ स्वयंपाकघराच्या हौसेत मुठीच गेल्या. आधी मूठ काढायची आणि तिची उणीव भरायला सिंकखाली, नेमका पाइप ठिबकतो तिथं, विजेचा पॉइंट न्यायचा! वीज नको तर दाबून उघडणारी यांत्रिक खिट्टी आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, पण ती ड्रॉवर जेमतेम बोटभर पुढं ढकलते, पुढं ओढायला हात हवाच. शिवाय भांडी घासताना गुडघे टेकतात ते ड्रॉवरच्याच फळीला, त्यामुळे चुकून ढोसलं गेलं, तर कढई निम्मी घासून होते तोवर कचरा भेटीला हजर. राहता राहिली स्वच्छता. कचऱ्याचं ओला, सुका, घातक असं वर्गीकरण हातांनीच करायचं असतं; दुधाची पिशवी धुऊन सुक्यात टाकणं गुडघ्याला अजून जमलेलं नाही.