बांध कोरणाऱ्यांसाठी ‘ययाती’चा वाचनविधी

अपराधी मनाला दिलासा हवा असेल, तर आधी अपराध कोणता ते ठरवून घ्यावे. मोघम पश्चात्तापाला कुठलीच कादंबरी लागू पडत नाही. वैशाखऱ्याच्या शिवारात सर्वांना परवडणारा अपराध म्हणजे भावाचा बांध कोरणे. दरसाल नांगराचे एक तास बांधाला चिकटून मारावे आणि कुदळीने चार ढेकळे आपल्या खाचरात ओढावीत. काही वर्षांत त्या बांधावर दोन पाय शेजारी-शेजारी ठेवता येईनासे झाले, की ‘औंदा पाऊसच लई झाला’ असे म्हणून मोकळे व्हावे. मन खाऊ लागते ते यानंतर.

आता वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ आणावी. मुरबाडला न मिळाल्यास एसटीने कल्याण गाठावे. कादंबरी १९५९ची आहे. खांडेकरांना १९७४चा ज्ञानपीठ मिळालेला असल्याने घरात कुणी ‘काय हे वाचत बसलास’ म्हणून हटकत नाही. शिवाय पुस्तक जाड आहे, उशाला चालते.

वाचायला नाणेघाटाची गुहा उत्तम. मात्र पावसाळ्यातले शनिवार-रविवार वगळावेत, तेव्हा पश्चात्तापाला बसायला जागा उरत नाही. आत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, सगळे आकड्यांसह कोरलेले. दिले ते दगडात. घेतले त्याची आठवण म्हणून घाटमाथ्यावर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. या हिशेबाने मनाला बराच धीर येतो.

कथा अद्भुत आहे हे फार सोयीचे. कचाची राख मद्यातून गुरूच्या पोटात जाते आणि तरी कच जिवंत बाहेर येतो. शुक्राचार्य रागावले की राजा जागच्या जागी म्हातारा. आपल्याकडे मोजणीच्या निकालावर अपील, अपिलावर पुन्हा अपील. तोवर वादी-प्रतिवादी दोघेही कुठल्याही शापाविना म्हातारे होतात.

ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा अशी तिघेजण आपापली बाजू सांगतात. गुणासाठी फक्त ययातीची प्रकरणे वाचावीत. ज्याने केले त्याचेच ऐकत राहिले, की त्याचा नाइलाज आपोआप पटतो. देवयानीचे बोलणे थोरल्या वहिनीसारखे कानाला लागते. ते सकाळी, पोट भरलेले असताना घ्यावे. शर्मिष्ठा वाचूच नये. जिचे गेले तिची बाजू ऐकल्यावर दिलासा मिळाल्याचे उदाहरण नाही. कच समोर आला तर पाने उलटावीत. त्याचे सगळे बरोबर असते, हीच त्याची अडचण.

मुख्य मात्रा पुरूच्या प्रसंगात आहे. बाप पोराकडे तारुण्य मागतो आणि पोरगे देऊनही टाकते! इथे पुस्तक मांडीवर पालथे घालून मनात म्हणावे, ‘पुरूनं सगळं तारुण्य दिलं, आमच्या धाकट्याची तर दोन हात जमीन गेली. ती पण त्याला ठाऊक नाही.’ लगेच हलके वाटते. हाच प्रसंग रोज रात्री वाचला तर भाताच्या कापणीपर्यंत झोप शाबूत राहते.

याच्या फार पुढे मात्र जाऊ नये. शेवटाकडे राजा शुद्धीवर येतो आणि घेतलेले तारुण्य परत करायला निघतो. नुसते रडून भागत नाही, असा खांडेकरांचा रोख दिसतो. दिलाशासाठी आलेल्या माणसाला हा भलताच खर्च.

तरीही एखाद्याने शेवट वाचलाच, तर आवणीच्या आधी मोकळे व्हावे. एकदा रोप लागले की बांध हलवता येत नाही. धाकट्याला हाक मारावी, दोरी धरावी आणि माती त्याच्यादेखत त्याच्या बाजूला टाकावी. ‘दादा, आज काय झालं तुला?’ असे तो विचारेल. पुस्तकाचे नाव सांगू नये. तो वाचायला नेईल आणि परत देणार नाही.