भावी डॉक्टर आणि अनुभवी गाय

नगर जिल्हा (आता अहिल्यानगर, गाईंना अजून कळवलेलं नाही) क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, आणि दुधात तर पहिल्या रांगेत. तेव्हा गुरांचे डॉक्टर घडवायची सोय आधी इथेच झाली असेल, असं एखाद्या भाबड्याला वाटेल. ती 1886 साली झाली, मुंबईत परळला. मग नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ असं करत करत अलीकडे राहाता तालुक्यातल्या सावळीविहीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं. पशुसंवर्धन खातं तेव्हा त्याच तालुक्यातल्या राधाकृष्ण विखे पाटलांकडे होतं, म्हणून नंबर तरी लागला. तोवर नगरची पोरं गाय शिकायला गाव सोडून जात राहिली.

अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. त्यातलं शेवटचं शैक्षणिक वर्षच दीड वर्षाचं असतं. त्यानंतर वर्षभर आंतरवासिता. एवढं सगळं ‘नीट’ देऊन पदरात पडतं, तरी लग्नसमारंभात मावशी विचारतेच, ‘‘माणसांच्या डॉक्टरकीला नंबर नाही का लागला रे?’’

शेवटच्या वर्षी भावी डॉक्टर फिरतीवर निघतो. आज औषधोपचार, मग शस्त्रक्रिया, मग प्रजनन, मग प्रयोगशाळा. कॉलेजच्या दवाखान्यात जनावर केसपेपर घेऊन येतं. गोठ्यात मात्र निदान आधीच झालेलं असतं आणि उपचारही. गूळ चारलेला, खायचा सोडा पाजलेला, शेजारच्या तात्यांनी पोट दाबून ‘वारं धरलंय’ असा निकाल दिलेला. भावी डॉक्टर वही काढून विचारतो, ‘‘काल इंजेक्शन कुठलं दिलं होतं?’’

‘‘पिवळं होतं.’’

पुस्तकात या नावाचं औषध सापडत नाही. तो गाईच्या डाव्या कुशीवर मूठ टेकवून घड्याळाकडे पाहत पोटाची हालचाल मोजू लागतो. मालक काही वेळ सहन करतो आणि म्हणतो, ‘‘डॉक्टर, मोजमाप नंतर करा, आधी सुई मारा.’’ गाय 101.5 फॅरनहाइटवर शांतपणे रवंथ करत असते. आजारी नेमकं कोण, हे ठरायचं असतं.

1984 च्या पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करायचे ते नोंदणीकृत पशुवैद्यकाने. बाकीच्यांनी त्याच्या देखरेखीखाली किरकोळ कामं करायची. गोठ्यातला कायदा सुटसुटीत आहे: ज्याची मोटारसायकल आधी येईल, तो डॉक्टर.

मुलगी असेल तर परीक्षा आणखी कडक. ‘‘ताई, तुम्हाला जमंल का?’’ हा प्रश्न गाय सोडून सगळे विचारतात. रात्री संगमनेरी शेळी अडली, करडू आडवं आलं की मात्र त्याच ताईला हाक जाते, कारण एवढ्याशा जागेत तात्यांचा पंजा जात नाही.

खरी मजा दुग्धज्वरात. नुकती व्यालेली होल्स्टीन मान कुशीकडे वळवून बसलेली, कान गार. दुधाबरोबर कॅल्शियम निघून गेलेलं असतं. ते शिरेतून द्यायचं, पण अगदी सावकाश. घाई केली तर हृदयच बंद पडायचं. बाटली धरून उभा असलेला मालक म्हणतो, ‘‘सोडा की जोरात, धार काढायची वेळ झाली.’’ बाटली संपते, गाय ढेकर देते आणि थोड्या वेळात उठून उभी राहते. साडेचार वर्षांच्या शिक्षणाचं सार्थक होण्याचा हा क्षण. श्रेय जातं कालच्या पिवळ्या इंजेक्शनला.

सरकारला मात्र या पोरांची किंमत कळते, साथ आली की. 2022 मध्ये गाईंच्या लम्पी त्वचारोगाची साथ आली आणि आंतरवासिता करणाऱ्यांनाही लसीकरणाला जुंपलं. टोचायची होती शेळ्यांच्या देवीची लस, गाईंना. ती लम्पीच्या विषाणूलाही चालते, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले, हे समजावण्यात जेवढा घसा गेला तेवढा तोंडी परीक्षेतही गेला नसेल. 2024 च्या जानेवारीत गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान आलं, अट अशी की कानात बिल्ला हवा आणि ‘भारत पशुधन’ पोर्टलवर नोंद हवी. बारा आकडी क्रमांकाचा बिल्ला! कालपर्यंत ‘पोरगं शिकाऊ आहे’ म्हणणारी मंडळी चहा घेऊन दारात उभी. स्टेथोस्कोप गळ्यात असून जो मान मिळाला नव्हता, तो बिल्ला मारायच्या पकडीने मिळवून दिला.

तेव्हा गोठेवाल्यांनो, एक विनंती. पांढरा अॅप्रन घातलेलं पोर दारात आलं, तर त्याचं गाव, त्याचा पगार आणि मागच्या वर्षी मेलेल्या म्हशीचं कारण नंतर विचारा. आधी गाय खोड्यात बांधा. आणि कालच्या इंजेक्शनची रिकामी बाटली उकिरड्यावर टाकली असेल, तर ती शोधून ठेवा.