फिरंगोजीची नजरकैद

वाल्डॉर्फ, जर्मनी
रविवार, 12 जून 2022

तीर्थरूप आई व तीर्थरूप बाबा यांच्या चरणी बालक अनंताचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवाच्या फोनवर वसुधेच्या मनगटाची पट्टी तुझ्या दृष्टीस पडली आणि आत्याच्या गुडघ्यांवरून चाललेले संभाषण जे एकदा पिसाळलेली जनावरे, पोटात घ्यावयाची चौदा इंजेक्शने आणि परमुलखातले डॉक्टर या वाटेला लागले, ते बाबांनी मागून ‘अगं, आपल्याकडे मध्यरात्र झाली’ असे बजावीपर्यंत थांबले नाही. फोनवर तू बोलतेस, बाबा तुझ्या वाक्यात दुरुस्त्या सुचवतात आणि दादाचा बंटी दोघांच्या मधून डोके काढून ‘काका, मांजर दाखव’ असा हट्ट धरतो, त्यामुळे आरोपीला आपली बाजू मांडण्याची संधीच मिळत नाही. म्हणून हा लेखी खुलासा. आज वेळही आहे, कारण या देशात रविवारी भिंतीला खिळा ठोकता येत नाही, इतकेच काय, रिकाम्या काचेच्या बाटल्या चौकातल्या पेटीत टाकणेसुद्धा शांतताभंगात मोडते. भोसरीची यंत्रे गुरुवारी थांबली की आपल्या आळीत मात्र घरोघरी ठोकाठोकीचा मुहूर्त निघत असे, हे मी शेजारच्या आजींना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे फार करुणेने पाहिले.

तर प्रथम हाताविषयी. जमिनीवरच्या जनावरांतील पिसाळरोगातून हा देश 2008 सालीच मुक्त जाहीर झाला आहे, तेव्हा चौदा इंजेक्शनांची चिंता सोडून दे. मांजराचा दात बारीक असल्याने जखम वरून चटकन मिटते आणि आत पिकते, म्हणून डॉक्टरांनी लगेच गोळ्या सुरू केल्या. सूज उतरली आहे. तूर्त पोळ्या मी करतो. यावर बाबा हसणार हे मला ठाऊक आहे, आणि त्यांनी हसावे; पण पोळीला आकार असलाच पाहिजे असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

चावला तो अर्थातच फिरंगोजी. शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे 1660 साली चाकणचा संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने झुंजवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्याचे नाव या तांबूस बोक्याला ठेवताना, तो फिरंगी मुलखातला आणि आम्ही चाकणकडचे, एवढाच विनोद आमच्या मनात होता. स्वयंपाकघराच्या बोळाला किल्ला समजून तो नावाची अशी बूज राखील, ही कल्पना नव्हती. परंतु त्याच्यावर फिर्याद गुदरण्यापूर्वी बाबांनी सरकारचा हुकूम ऐकून घ्यावा, कारण मूळ गुन्हा हुकमाचा आहे.

आमच्या गावाच्या दक्षिण अंगाला, नव्या घरांच्या लगतच्या मोकळ्या जमिनीत, तुरेवाला चंडोल घरटे करतो. हा पक्षी या भागातून जवळजवळ नाहीसा झाला असून गावात त्याची तीनच जोडपी उरल्याचे सांगतात. तो जमिनीवर अंडी घालतो आणि त्याची पिल्ले पंखांत बळ येण्यापूर्वीच घरटे सोडून हिंडू लागतात, म्हणजे मांजराला अंगणातच मेजवानी. तेव्हा जिल्हा कचेरीने गेल्या महिन्यात जाहीरनामा काढला, की दक्षिण भागातील यच्चयावत मांजरांनी ऑगस्टअखेर घराबाहेर पाऊल टाकू नये, आणि 2025 सालापर्यंत दर वर्षी एप्रिल ते ऑगस्ट ही नजरकैद पुनश्च भोगावी. मांजर बाहेर सापडल्यास मालकास 500 युरो दंड. त्याने चंडोल मारल्यास 50,000 युरोपर्यंत. आई, ही रक्कम आपल्या नाण्यात एक्केचाळीस लाखांच्या घरात जाते; तेवढ्यात मोशीकडे दादाला फ्लॅट मिळेल! सवलती दोन. बोका सरहद्द ओलांडत नाही हे उपग्रहाच्या साक्षीने सिद्ध केल्यास त्याला मोकळीक, किंवा दोन मीटरांहून आखूड दोरीला बांधून त्याला फिरवावे. आम्ही दुसरा मार्ग अवलंबून पाहिला. फिरंगोजी अंगणात जो आडवा झाला, तो उचलून आणीपर्यंत उठला नाही.

रागही पुरता येत नाही, हीच पंचाईत. बाबा, महाळुंगे-निघोज्याच्या माळावरून तुम्ही सायकलने जात असताना पायांजवळून चंडोल उठे, असे तुम्ही किती वेळा सांगितले आहे. त्या माळावर आज गाड्यांचे कारखाने आहेत, दादाला तिथेच पगार मिळतो आणि माझे शिक्षण ज्या पगारावर झाले तोही अशाच कारखान्याचा होता. पण तिथल्या चंडोलाच्या वतीने कोणी एका कागदावर सही केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. इथे तीन जोडप्यांसाठी अर्धे गाव मांजरांसह कोंडले गेले. अतिरेक आहे खरा, पण यांपैकी कोणता अतिरेक अधिक हास्यास्पद, याचा निर्णय मला देता येईना.

आता गुन्ह्याचा तपशील. उन्हाळाभर शेतातून भटकणारा हा प्राणी दिवसभर खिडकीच्या काचेला नाक लावून बसू लागला, आणि सहाच्या सुमारास शेजारच्या आजी आपला काळा बोका कायदेशीर लांबीच्या दोरीला बांधून आमच्या खिडकीवरून मिरवू लागल्या. काळ्यापर्यंत पोहोचता येईना, तेव्हा फिरंगोजी गर्रकन वळला आणि मागे निवांतपणे पाय चाटत असलेल्या ठकीवर तुटून पडला. पशुवैद्य म्हणाले की हा ठकीवरचा राग नव्हेच; समोरच्या शत्रूवर काढता न आलेला राग जवळच्यावर निघतो, आणि तो पेटला की तासन्‌तास विझत नाही. हे त्यांनी मोठ्या गांभीर्याने समजावून सांगितले, पण कचेरीत साहेब बोलला म्हणून घरी येऊन ताट सरकवणाऱ्या नानाकाकांना आम्ही लहानपणापासून पाहिलेले असल्याने आम्हाला फारसे नवल वाटले नाही. ठकीला सोडवताना वसुधेचा हात मधे आला. मधे हात घालावयाचा नसतो, उशी किंवा जाड पांघरूण टाकावयाचे असते, हे ज्ञान दवाखान्यात मिळाले.

आणि ते ज्ञान कोणत्या भावाने मिळाले, हे बाबांनी बसून ऐकावे. ठकीचा कान फाटला तो रविवारी. येथे जनावरांच्या डॉक्टरांची फी सरकारी दरपत्रकाने बांधलेली असून ‘ओळखीचे आहात, थोडे कमी द्या’ हा प्रकार संभवत नाही. त्यातून रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी गेले की निव्वळ उंबरठा ओलांडल्याचे 50 युरो, म्हणजे चार हजारांवर रुपये, आणि पुढे जो काही उपचार होईल त्याचा दर किमान दुप्पट, प्रसंगी चौपट. औषधे, टाके आणि त्यावरची पट्टी यांचा हिशेब निराळा. बिलाचा कागद पाहून मी क्षणभर डोळे मिटले, तेव्हा त्या सुशील बाईंनी मला पाणी दिले. पाण्याचे पैसे लावलेले नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले.

(येथे कुकरची शिट्टी झाली. ती शांतताभंगात धरतात की नाही, हे अद्याप कोणी विचारलेले नाही.)

ठकी औषधांचा दर्प घेऊन घरी आली, तेव्हा आजवर तटस्थ राहिलेली सगुणासुद्धा तिला परकी समजून फिस्कारू लागली, आणि वाटणीवाचून गत्यंतर उरले नाही. आई, खेडच्या बांधावरून नानाकाका आणि धाकटे काका यांच्यात जे चालले आहे ते तू सविस्तर कळवलेस. त्यांनी एकदा आमच्याकडे येऊन व्यवस्था पाहावी. फिरंगोजीला लिहिण्याची खोली, ठकीला निजण्याची, सगुणेला बैठक. ताटे निराळी, पाणी निराळे. एका मांजरास एक आणि वर एक जास्तीची, या नियमाने वाळूच्या पेट्या चार, आणि माणसांना संडास एक. दोन वेळचे जेवण बंद दाराच्या अलीकडे आणि पलीकडे वाढावयाचे, आरंभी दुरून आणि मग रोज थोडे जवळ, म्हणजे समोरच्याचा वास आला की पोटात अन्न पडते असा संस्कार व्हावा. मधूनमधून दोघांच्या खोल्यांची अदलाबदल करावयाची, म्हणजे कुठलीही जागा एकाच्याच वहिवाटीची होत नाही. रागावणे सक्त मना, कारण ओरडणाऱ्याचा धाक शेवटी दुसऱ्या मांजराच्या खाती जमा होतो. खिडकीचा खालचा भाग कागदाने झाकला आहे. त्यासाठी तुमच्या पार्सलातली वर्तमानपत्रे कामी आली आणि रस्त्याने जाणाऱ्या जर्मनांना आता पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येते ही वार्ता मोठ्या अक्षरांत वाचावयास मिळते, वाचता आली तर. काल सकाळी चहाचा पेला घेऊन मी स्वतःच त्या काचेपुढे उभा राहून छोट्या जाहिराती वाचीत होतो. ‘चापेकर चौकाजवळ दोन खोल्या भाड्याने देणे आहेत.’ चहा निवाला.

बाबांनी सुचवलेला पोत्याचा उपाय येथे चालणार नाही. त्याने मण्या बोक्याच्या वेळी काय झाले, आणि चाकणच्या बाजारातून आधी घरी कोण पोहोचले, हे सर्वांना माहीत आहे.

पार्सलातली गोधडी उत्तम झाली आहे. पशुवैद्यांनी सांगितले होते की एकाच्या गालावरून फिरवलेले फडके दुसऱ्याच्या ताटाखाली ठेवावे, गंधाची ओळख पटली की देहाची पटते. घरातल्या टॉवेलांना कोणीच दाद देईना. गोधडी उघडली, तर फिरंगोजी तुझ्या त्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यावर गाल घाशीत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोधडी ठकीच्या खोलीत नेली तेव्हा ती न फिस्कारता तिच्यावर निजली. चिऊ विचारीत होती की आजीच्या गोधडीला कसला वास येतो. कपाटातल्या डांबरगोळ्या, थोडे खोबरेल आणि देवघरातली उदबत्ती, असे मी सांगितले. मग ती आणि मी, दोघेही नाक खुपसून बराच वेळ तिथेच बसलो, तेव्हा वसुधा म्हणाली की या घरात आता मांजरे पाच झाली.

काल दाराची फट उघडी ठेवून दोघांना जेवू घातले. गुरगुर झाली, मारामारी झाली नाही.

बाकी तुझ्या पत्रातील विषय. मेट्रोत बसून फुगेवाडीपर्यंत जाऊन, खाली न उतरता तशीच परत आलीस, हे फार योग्य केलेस. नव्या गाडीचा उपयोग पहिल्याने असाच करावयाचा असतो. दादाची बस तळेगाव चौकात रोज अडकते म्हणून तो नोकरी बदलणार, हे मी तो चाकणला लागल्यापासून ऐकतो आहे. वहिनीच्या बहिणीला पाहावयास आलेल्या मंडळींनी पोहे दोनदा मागून घेतले आणि नकार कळवला, हा निव्वळ अन्याय आहे; पोह्यांची किंमत मागावी. आत्याने गुडघ्यांचे दुखणे काढून यंदा आकुर्डीला पालखीच्या दर्शनाला जाऊ नये, असे तू लिहितेस. दोन वर्षांनी वारी पायी निघते आहे, आत्या ऐकणार नाही. तिला रिक्षाने ने, विठ्ठलमंदिराच्या अलीकडेच उतरव आणि बंटीला बरोबर दे. आमच्या नावाने तुकोबांच्या पादुकांवर डोके ठेवावे. इकडे त्या दिवशी कचेरी आहे.

वसुधेचे नमस्कार, चिऊचे गोड पापे. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये.

आपला,
अनंत

ता. क. तिघांत गोधडी एकच आहे आणि सगुणेनेही आता हक्क सांगितला आहे, तेव्हा जुनी लुगडी शिल्लक असतील तर आणखी दोन शिवून धाडाव्यात. पार्सलावर ‘भेटवस्तू’ असे लिहावे आणि एकूण किंमत 45 युरोंच्या आत ठेवावी, नाहीतर जकात पडते. मेतकूट मात्र त्यात घालू नये. मागच्या खेपेस ती पिवळी पूड कशासाठी वापरतात, हे जकात नाक्यावर मला हातवारे करून समजावून सांगावे लागले.